अर्धं व्याकरण

मार्च लागला की आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या शाळेच्या फाटकात पोलीस येऊन बसतो, समोरचं झेरॉक्सचं दुकान बंद होतं आणि कडुलिंबाचा बारीक पांढरा फुलोरा रिक्षांच्या टपांवर पडायला लागतो. दहावीची परीक्षा आली हे मला कॅलेंडर बघून कळत नाही, या तीन गोष्टींवरून कळतं. मग शेजारपाजारची पोरं दारात येतात. वर्षभर ज्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलेलं नसतं, ती एकदम गोड होऊन विचारतात, "आजी, शब्दयोगी आणि उभयान्वयी यांत फरक काय हो?" मी सांगते. पस्तीस वर्षं मराठी, हिंदी आणि थोडंफार इंग्रजी व्याकरण शिकवून मी निवृत्त झाले. मला झोपेतून उठवून विचारलं तरी शब्दांच्या आठही जाती मी ओळीनं म्हणून दाखवीन. त्याचं लोकांना कौतुक वाटतं. मला वाटत नाही, आणि का वाटत नाही ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

यंदा इंग्रजीच्या पेपराच्या दिवशी भाजी आणायला निघाले होते. फाटकापाशी दोन मुली एकच पुस्तक धरून उभ्या होत्या. एकीच्या हातात डावं पान, दुसरीच्या हातात उजवं. डावीकडची झरझर वाचून मोकळी झाली, पण तिनं पान उलटलं नाही. दुसरीचे ओठ हलायचे थांबेपर्यंत ती नुसती उभी राहिली. मग "झालं?" असं विचारून तिनं पान उलटलं. मी भाजी न घेताच घरी आले. सूनबाईंनी विचारलं, तर ऊन लागलं म्हणून सांगितलं. खोटं बोलायची सवय माझी जुनीच आहे.

बाहत्तरच्या दुष्काळातला तो उन्हाळा. आमचं गाव नळदुर्गपासून दोन कोसांवर. विहिरींचे तळ दिसायला लागले होते, आणि त्या तळांत वर्षानुवर्षं पडलेल्या वस्तूही: घागरी, पोहऱ्यांच्या कड्या, कुणाचा तरी पितळी तांब्या. जनावरं छावणीत गेलेली. घरात रेशनवरच्या लाल मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या भाकरी. त्या थापताना तुटायच्या आणि खाताना घशात अडकायच्या. सकाळची शाळा सुटली की आम्ही सगळे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचो. सगळे म्हणजे अक्षरशः सगळे. ज्यांची वीस एकर पडून होती तेही, आणि ज्यांची वीतभर नव्हती तेही. बोटांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळायच्या, ओढणी नाकावर बांधायची आणि हातोडा घ्यायचा. दुपारी सुकडी मिळायची. तिचा तो भाजक्या पिठाचा गोडसर वास आजही कुठं आला तरी मी तिथून उठते.

महादेवी माझ्या शेजारी बसायची. मॅट्रिकला आमच्या गावातून आम्ही दोघीच मुली होतो. ती गावापासून दूर, ओढ्यापलीकडच्या वस्तीवर राहायची. तिची आई आळंदकडची, कन्नड बोलणारी. लग्न होऊन वीस वर्षं झाली तरी तिचं मराठी लंगडायचं. "माझी डोकं दुखतो," असं ती म्हणायची आणि आम्ही पोरी खिदळायचो. महादेवी हसायची नाही. एकदा शांतपणे म्हणाली, "तिच्या भाषेत डोकं बाई पण न्हाय आन् बुवा पण न्हाय. दगड, माती, पाणी, डोकं, समदं एकाच रांगेत. नर-मादी फकस्त माणसांत. आपण उगं दगडाला तो म्हणतो आन् खडीला ती म्हणतो. फोडल्यावर दगड बाई हुतो व्हय?"

मी पुस्तकात लिंगाची व्याख्या तोंडपाठ केली होती. हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

पुस्तकाचं सांगते. मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांचं व्याकरण एकत्र असलेलं एक जाड पुस्तक आम्हाला एका मास्तरांनी बदली होऊन जाताना दिलं होतं. दोघींत एक. रोज कुणी कुणाकडे जायचं? शेवटी महादेवीच्या आईनं दाभणानं त्याची शिवण उसवली, बरोबर मधोमध दोन भाग केले आणि गोधडीच्या दोऱ्यानं दोन्ही पुन्हा शिवून दिले. पुढच्या भागात नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद. मागच्यात उरलेल्या चार जाती, प्रयोग, वाक्यांची रूपांतरं आणि इंग्रजीचं बहुतेक सगळं अवघड. दर बाजारच्या दिवशी कामावर, पाण्याचे डेरे ठेवलेल्या बाभळीखाली, आम्ही भाग बदलायचो. पाच-सहा महिने त्यात एकदाही खाडा झाला नाही.

पण खरं व्याकरण महादेवीनं खडीवर शिकवलं. कामावर सगळ्या मुलखाची माणसं होती. सीमेपलीकडच्या कन्नड बायका, तांड्यावरच्या लमाणी बायका, आणि टँकर घेऊन येणारे हुसेनभाई, ज्यांचं दखनी ऐकायला आम्ही मुद्दाम रांगेत रेंगाळायचो. महादेवीनं आपल्यापुढं खडीचे आठ छोटे ढीग केले होते. एकेक ढीग म्हणजे शब्दाची एकेक जात. कानावर शब्द पडला की तो ज्या जातीचा असेल त्या ढिगावर एक खडा टाकायचा. टँकर दिसला की कन्नड बायका ओरडायच्या, "नीर बंतु!" महादेवी दोन खडे टाकायची, एक नामाच्या ढिगावर, एक क्रियापदाच्या. हुसेनभाई ओरडायचे, "पानी तो लाया ना, फिर कायकु झगडते?" ती हातोडा थांबवून विचार करायची. "कुसे, ह्यो 'कायकु' कुठं टाकू?" मी म्हणायचे, पुस्तकात बघून सांगते. ती म्हणायची, "पुस्तकात न्हाय त्यो. त्यो हितं हाय."

आठव्या ढिगाची तिला गंमत वाटायची. केवलप्रयोगी. हातोडा बोटावर बसला की आमच्या तोंडून "आई गं" निघायचं, कन्नड बाईच्या तोंडून "यव्वा", लमाणी बाई "याडी" म्हणायची आणि हुसेनभाई "अम्मा". "बाकीचे सात ढीग येगयेगळे," महादेवी म्हणायची, "आठव्यात समदी मानसं आईकडंच पळत्यात." मुकादम येऊन खेकसायचा, हा काय पोरखेळ मांडलाय म्हणून, आणि पायानं ढीग विस्कटायचा. ती पुन्हा रचायची.

मी हुशार होते असं सगळे म्हणायचे. मला सगळं पाठ होतं. तिला कळत होतं. हा फरक मला तेव्हाच उमगला होता, आणि तेच दुखत होतं. उगीच आडपडदा कशाला ठेवू? मी तिचा हेवा करत होते.

त्यात फाल्गुनात सोसायटीच्या ओट्यावर बैठक झाली. गावच्या सहकारी सोसायटीचे चेअरमन उभे राहिले आणि म्हणाले, "औंदा गावच्या दोन पोरी मॅट्रिकला हाईत. जी पयली यील तिची अध्यापिका विद्यालयाची आन् वसतिगृहाची सोय सोसायटी करंल. येकीचीच. दुष्काळ हाय, जास्तीचं झेपायचं न्हाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. महादेवीनं माझा हात दाबला. तिला आनंद झाला होता, आमच्यापैकी एक तरी सुटणार याचा. माझ्या डोक्यात मात्र त्या क्षणापासून "एकीचीच" एवढा एकच शब्द राहिला.

मराठीत "आम्ही" आणि "आपण" असे दोन वेगळे शब्द आहेत. ऐकणाऱ्याला वगळून आम्ही, ऐकणाऱ्याला धरून आपण. हिंदीत दोन्हींना "हम", इंग्रजीतही एकच शब्द. हे मी पुढं वर्गात मोठ्या अभिमानानं शिकवायचे, मराठीची श्रीमंती म्हणून. त्या बैठकीहून परतताना महादेवी सारखं "आपण" म्हणत होती. आपण असं करू, आपण दोघी मिळून अभ्यास करू. मी हूं हूं करत होते.

परीक्षेच्या आधीचा शेवटचा बाजार. बाभळीखाली तिनं पुढचा भाग माझ्या हातात ठेवला. माझ्याकडचा मागचा भाग मी घरी विसरले होते. खरंच विसरले होते, देवाशपथ. "उद्या आणते," मी म्हणाले. ती म्हणाली, "असूंदे. ह्यो तर घे, तू तरी वाच." आणि तिनं आपला भाग परत मागितला नाही.

घरी येऊन मी दोन्ही भाग एकावर एक ठेवले. सगळं पुस्तक पहिल्यांदाच एका वेळी माझ्या मांडीवर होतं. किती वेळ तशी बसले होते कोण जाणे. दुसऱ्या दिवशी मी आईला म्हणाले, "अंगात कणकण वाटतीय." आई म्हणाली, "मग नगं जाऊ कामावर."

तिसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी महादेवी ओढा ओलांडून आमच्या घरी आली. काम बुडवून आली असणार. तिचा आवाज ओसरीत ऐकला आणि मी वाकळ डोक्यावरून ओढून घेतली. पुस्तकाचे दोन्ही भाग वाकळीत माझ्या पोटाशी होते. चैतातलं ऊन, अंगावर वाकळ, घामानं मी न्हाऊन निघाले होते. ती उशाशी बसली. माझ्या कपाळावर तिनं हात ठेवला.

"लई तापलंय की गं," ती म्हणाली. "काकू, हिला घाम फुटलाय. आता उतरंल ताप."

आई म्हणाली, "तुझं काय राहिलंय का हिच्याकडं? पुस्तक-बिस्तक?"

मी श्वास रोखला. महादेवीनं माझ्या कपाळावरचा हात उचलला.

"राहूंदे काकू. आजारी मानसाचं डोकं कशाला उठवायचं? बरी झाली की दील ती." मग तिनं ओढणीच्या टोकाची गाठ सोडली. तिच्या वाट्याची त्या दिवसाची सुकडी तिनं बांधून आणली होती. "तापात तोंडाला चव नसती. उलीसं गोड खा."

ती गेली. मी सुकडी खाल्ली. सगळी खाल्ली, बोटाला चिकटलेलीसुद्धा. आणि मग उठून कर्मणी प्रयोग पाठ केला.

परीक्षा केंद्रावर ती भेटली तेव्हा पहिला प्रश्न तिनं विचारला तो, "उतरला न्हवं ताप?" निकाल लागला. मी पहिली आले. महादेवी इंग्रजीत गेली. "समदं मागच्या भागातलंच आलतं," ती मला म्हणाली, "पण ताप काय कुणाच्या हातात असतो का? माझंच चुकलं. ज्याच्या डोक्यात असतंय त्याला पुस्तक लागत न्हाय." ऑक्टोबरला पुन्हा बसता आलं असतं. पण तिच्या बापानं सांगितलं, नापास पोरगी घरात ठेवून काय करायचं, आणि पावसाआधी तिचं लग्न लावून दिलं. मी ट्रंक घेऊन वसतिगृहात गेले. सोसायटीच्या लोकांनी मला हार घातला होता.

पुढं कित्येक वर्षं, ही गोष्ट मनात आली की मी मनातल्या मनात एकच वाक्य म्हणायचे: "पुस्तक द्यायचं राहून गेलं." किती सोयीचं वाक्य आहे बघा. त्यात मी कुठंच नाही. पुस्तक आहे, देणं आहे, राहणं आहे, आणि ते सगळं आपोआप होतंय. आपल्या भाषेत अशी सोय फार. कप फुटला, उशीर झाला, बोलायचं राहून गेलं. मुलांनी अशी वाक्यं लिहिली की मी कर्त्याखाली रेघ मारायला सांगायचे. मुलं शोधत राहायची. "बाई, कर्ता दिसत नाही." मी म्हणायचे, "नीट बघा. कुणीतरी केल्याशिवाय काही होत नाही." चांगली शिक्षिका होते मी, असं म्हणतात.

ऐंशीनंतरचा तो काळ. नळदुर्गच्या पलीकडच्या एका गावात माझी बदली झाली आणि तेच महादेवीचं सासर निघालं. गावोगावी सोसायट्या निघत होत्या. या गावातही बायकांची दूध सोसायटी काढायचं ठरलं. साहेब आले, पन्नासेक बायका देवळापुढं जमल्या, नियम वाचून दाखवायला मला बोलावलं होतं. साहेब म्हणाले, लिहिता-वाचता येणारी एक सचिव पाहिजे. बायका एका सुरात म्हणाल्या, "म्हादेवी! तिला समदं येतंय. कन्नड गवळ्यांसंगट बी तीच बोलती."

महादेवी उठून उभी राहिली. डोक्यावर पदर, कडेवर पोर. "मला न्हाय झेपायचं सायेब," ती म्हणाली. "मॅट्रिकला गचकलेली बाई मी. माझं डोकं तेवढं न्हाय. पायजे तर बाईंना इचारा, त्या माझ्या वर्गात हुत्या. व्हय का न्हाय हो, बाई? तुमीच सांगा."

तुम्ही. खडीवर "कुसे" म्हणणारी ती मला "तुम्ही" म्हणाली. इंग्रजी शिकवताना मी मुलांना गमतीनं सांगायचे की या लोकांना मान द्यायला वेगळा शब्दच नाही, लहान-थोर सगळे एका मापात. त्या दिवशी मला तो इंग्रजी शब्द हवा होता. पन्नास बायकांच्या माना माझ्याकडे वळल्या. एक वाक्य पुरलं असतं. ही माझ्यापेक्षा हुशार होती, एवढंच. पण मग पुढचा प्रश्न आला असता, हुशार होती तर नापास कशी झाली? मी कागद नीट केले आणि म्हणाले, "ज्याच्या-त्याच्या मर्जीची गोष्ट आहे."

महादेवी खाली बसली. सचिव दुसरी कुणीतरी झाली. दोन वर्षांत मी बदली मागून घेतली.

आणि यंदाच्या मार्चात, त्या दोन मुली पाहिल्यावर तिसऱ्या दिवशी, सत्तरीच्या उंबऱ्यावर, मी एस.टी. धरली. हमरस्त्यालगत तिच्या मुलानं घर बांधलंय. पत्र्याच्या सावलीत ती तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं लगेच ओळखलं. "अगं बया, बाई!" म्हणून उठायला लागली. गुडघे धरून उठली. आत तिची नात दहावीचं पुस्तक घेऊन घोकत बसली होती. मी शिक्षिका आहे कळल्यावर ती पळत बाहेर आली आणि तिनं मला काहीतरी विचारलं. मी सहज म्हणाले, "आजीला विचार की."

नात हसली. "आजीला? आजी नापास झालेली. घरात कुणाचा पेपर अवघड गेला तर आम्ही म्हणतो, आजीवर गेलाय." महादेवीही हसली. सवयीचं हसू होतं ते.

मी नातीला आत जायला सांगितलं. आणि महादेवीच्या समोर बसून सांगितलं. मला ताप नव्हता. पुस्तक वाकळीत होतं. मी मुद्दाम दिलं नाही, कारण तू पहिली आली असतीस.

ती शेंगा सोलत राहिली. एक, दोन, तीन. मग हात थांबले. रडेल असं मला वाटलं, किंवा शिव्या देईल. दोन्हींची तयारी करून आले होते मी. तिनं घराकडे तोंड करून मोठ्यांदा हाक मारली, "समदे भाईर या. काम टाकून या."

मुलगा आला, सून हात पुसत आली, नात आली.

"आता परत सांग," ती मला म्हणाली. "माझ्याशी बोललीस तसंच. हेंच्यासमोर."

मी सांगितलं. वर्गात पस्तीस वर्षं माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा. त्या दिवशी सून म्हणाली, "जरा जोरात बोला, ऐकू येत नाही." मी पुन्हा सांगितलं. मुलगा खाली मान घालून उभा राहिला. नात आजीकडे बघत होती, घरात नवीन माणूस आल्यासारखी.

"म्हणजे आजी हुशार होती?" तिनं मला विचारलं.

"होती," मी म्हणाले. "माझ्यापेक्षा कितीतरी."

मी महादेवीचे हात धरायला पुढं झाले. तिनं हात मागं घेतले, रागानं नाही, शेंगांचं सूप मांडीवर ओढायला.

"त्या पुस्तकाचं मी सोडून देईन," ती म्हणाली. "पोरसवदा हुतीस, मी बी हुते. पण दुधाच्या सोसायटीत पन्नास बायकांम्होरं मी तुला तोंडानं इचारलं हुतं गं, कुसे. तवा माझी तिशी बी झाली न्हवती, समदं आयुष्य म्होरं हुतं."